नऊ नंबरच्या वॉर्डातली जास्तीची मतपत्रिका

नऊ नंबरच्या वॉर्डात मतपत्रिका निघाल्या सहाशे बारा आणि मतदान केलेल्यांच्या यादीत नावं होती सहाशे अकरा. तीन वेळा मोजल्या. तिसऱ्या वेळी तर नगरसचिव ऑर्व्हिल बाउमननी चष्मा पुसून, बोटाला थुंकी लावून स्वतः मोजल्या. एक जास्त ती जास्तच.

एरवी एका कागदासाठी कोणी डोकं शिणवलं नसतं. पण त्या एप्रिलमध्ये पोर्ट हेडलीत महापौरपदाचा निकाल लागला होता तो असा: हार्लन ग्रेबनर सहा हजार एकशे अठरा, लोरेन डॉम्बेक सहा हजार एकशे सतरा. एका मताचा फरक! ग्रेबनर सोळा वर्षं त्या खुर्चीला चिकटून होते. लोरेन डॉम्बेक ही महापौरपदाला उभी राहिलेली शहरातली पहिली बाई. तिच्या वकिलानं फेरमोजणी मागितली, आणि आता सोमवारी सकाळी सगळे नगरसभेच्या दालनात लांब टेबलाभोवती बसले होते. बाहेर सरोवरावरचा बर्फ फुटत होता आणि आत कोणाला खोकायचीही हिंमत होत नव्हती.

"नऊ नंबरात?" ऑर्व्हिलनी मान वर केली. "थीडाबाई, तुमच्या वॉर्डात?"

थीडा लँगहोफ या नऊ नंबरच्या केंद्रप्रमुख. एकतीस वर्षं त्या वॉर्डाचं मतदान त्यांनी सांभाळलं होतं आणि एकतीस वर्षांत एका मताचाही घोळ झाला नव्हता. बाकीच्या वॉर्डांचे लोक या कडकपणापायी त्यांच्या नावानं खडे फोडत. मतदानाच्या दिवशी त्या टेबलावर टकटक करून एकच गोष्ट शंभरदा बजावत: आधी नाव, मग कागद. माणूस ओळखीचा असो, घाईत असो, खुद्द पाद्री असो, यादीत नाव लिहिल्याशिवाय मतपत्रिका हातात द्यायची नाही.

"यादी कोण लिहीत होतं?" लोरेनच्या वकिलानं विचारलं.

"मी," ग्लेनिस म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. ग्लेनिस बेकरीत काम करायची, मतदानाच्या कामाचं तिचं हे दुसरंच वर्ष. "पण मी एकही नाव सोडलं नाही हो. शप्पथ. बाईंनी सांगितलं तस्संच केलं मी."

"मग हा कागद काय चिमणीतून खाली पडला?" ग्रेबनर म्हणाले. त्यांची माणसं हसली. ग्लेनिसनं ओठ दाताखाली धरला आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. रुमाल सापडेना म्हणून तिनं एकेक वस्तू टेबलावर काढली: किल्ल्या, कंगवा, सूपच्या थर्मासचं निळं झाकण.

ते झाकण बघितलं आणि थीडाबाईंना मतदानाची दुपार आठवली.

त्या दिवशी दुपारी वाटाण्याचं सूप होतं. ग्लेनिस ते गरम करायला आत गेली होती. दुसरी मदतनीस घरी जेवायला गेलेली, केंद्रात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात आपलं मत टाकून घ्यावं म्हणून थीडाबाई उठल्या, गठ्ठ्यातली एक मतपत्रिका घेतली, पडद्यामागे गेल्या, फुली मारली, कागद पेटीत टाकला. नाव मागाहून लिहू, मनाशी म्हणाल्या. आणि नेमकी त्याच वेळी कातड्याच्या कारखान्याची पाळी सुटली आणि चाळीस माणसं बूट आपटत आत आली.

नाव लिहायचं राहिलं ते राहिलंच. ग्लेनिसनं नाही, त्यांनी स्वतः घोळ घातला होता.

"आता नियम काय सांगतो?" ग्रेबनरनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

ऑर्व्हिलनी घसा साफ केला. जास्तीचा कागद कोणता हे कळायला मार्ग नाही, कारण मतपत्रिकेवर मतदाराचं नाव नसतं. तेव्हा या वॉर्डाच्या सगळ्या सहाशे बारा पिशवीत घालायच्या, हलवायच्या, न बघता एक काढायची आणि ती बाद करायची. अर्थात हिशोब का जुळत नाही याचा खुलासा कोणी केला तर गोष्ट वेगळी. "आहे कोणाकडे खुलासा?"

थीडाबाई मनात हिशोब करत होत्या.

त्यांना आकडे तोंडपाठ होते, आणि आज त्या आकड्यांनीच त्यांना मोह घातला होता. नऊ नंबरात ग्रेबनरना चारशे दोन मतं, लोरेनला दोनशे दहा. म्हणजे पिशवीतून निघणारा कागद ग्रेबनरचा असण्याची शक्यता लोरेनच्या जवळजवळ दुप्पट. तो निघाला की दोघांची मतं सारखी. आणि सारखी झाली की चिठ्ठ्या. अठराशे त्र्याण्णवसाली अग्निशमन दलाच्या नायकाच्या टोपात चिठ्ठ्या टाकून महापौर निवडला होता. तो चामडी टोप अजून दालनातल्या काचेच्या कपाटात होता, आणि कोणीतरी सकाळीच त्यावरची धूळ पुसून ठेवली होती. लोरेनला तिनातली एक संधी तरी होती. थीडाबाई गप्प बसल्या तर.

हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? शहराच्या सगळ्या महापौर निवडणुकांचा इतिहास त्यांनीच लिहिला होता. वाचनालयात ग्रंथपाल होत्या तेव्हा बारा वर्षं जुनी वर्तमानपत्रं चाळून पातळसं पुस्तक केलं होतं, आणि दर निवडणुकीनंतर त्या त्यात एक पान वाढवत. बर्फघरात सापडलेली एकोणीसशे एकतीससालची मतपेटी त्यात होती, मेलेल्यांनी केलेलं मतदान होतं. भिंतीवर तेवीस महापौरांच्या तसबिरी होत्या, बहुतेक मिशाळ. चोविसावं नाव एका बाईचं लिहायला मिळावं, एवढी एकच हौस थीडाबाईंना मरायच्या आधी पुरी करायची होती. लोरेन सात वर्षांची असताना त्यांनीच तिला वाचनालयाचं कार्ड करून दिलं होतं. आणि त्या दुपारी पडद्यामागे त्यांनी फुली मारली होती ती लोरेनच्याच नावापुढे.

त्यांनी लोरेनकडे पाहिलं. ती हात घट्ट गुंफून बसली होती. तिनं थीडाबाईंकडे बघून किंचित हसून मान हलवली.

कशाला बोलायचं? त्या स्वतःशीच भांडत होत्या. नियम कायद्याचाच आहे, मी काही चोरी करत नाहीये. सोळा वर्षं हा माणूस रस्ते आपल्या मेव्हण्याकडून करून घेतोय, त्याचं भलं मी का करू? माझं नाक मीच का कापू?

ऑर्व्हिलनी कापडी पिशवी उलटी करून झटकली, मतपत्रिका आत ओतल्या, पिशवीचं तोंड धरून गदागदा हलवली. कागद आत खसखसले.

"ग्लेनिस," ते जरा मऊपणे म्हणाले, "अहवालात कारण लिहावं लागेल. यादी लिहिणाऱ्याची चूक, असं लिहितो. पुढच्या वेळी तुला काम देता येणार नाही, पोरी."

"लिहा," ग्लेनिस म्हणाली. "माझीच असेल. बाई कशा चुकतील?"

ऑर्व्हिलनी बाही वर केली, मान वळवली आणि हात पिशवीत घातला.

"थांबा!"

आपण उभ्या राहिलो आहोत हे थीडाबाईंना उशिरा कळलं. ऑर्व्हिलचा हात कोपरापर्यंत पिशवीत होता.

"काढू नका. यादीतलं राहिलेलं नाव माझं आहे."

दालनात एकच गलका झाला. लोरेनचा वकील ताडकन उठला. "वा! तेरा दिवस आठवलं नाही आणि आता, ऐन वेळी आठवलं? कोणाला वाचवायला चाललात, बाई?"

"मला आताच आठवलं. थर्मासचं झाकण बघून."

"झाकण!"

"अहो, खरंय ते!" ग्लेनिस मध्येच ओरडली. "मी सूप घेऊन आले तेव्हा बाई पडद्यामागून येत होत्या. मला वाटलं, नाव लिहूनच गेल्या असतील. मग ती कारखान्याची माणसं आली..."

ऑर्व्हिलनी रिकामा हात बाहेर काढला. थीडाबाईंना उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली, ग्लेनिसलाही लावली. फेरमोजणी मंडळाचे तिघे सदस्य कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. परत आले तेव्हा ऑर्व्हिलनी निर्णय वाचला: यादी लिहिण्यातल्या चुकीमुळे खऱ्या मतदाराचं मत जात नाही. सहाशे बारा मतपत्रिका, सहाशे बारा मतदार. कागद काढायचा नाही. ग्रेबनर एका मतानं विजयी.

यादी त्यांच्यापुढे सरकवली. थीडाबाईंनी शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"नोव्हेंबरात नऊ नंबरला दुसरं कोणीतरी बघावं लागेल, थीडा," ऑर्व्हिल खालच्या आवाजात म्हणाले. "ही मंडळी मला सोडणार नाहीत."

"ग्लेनिसला द्या. ती नाव विसरत नाही."

ग्रेबनर टेबलाला वळसा घालून आले आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला ठाऊकच होतं! थीडाबाई पहिल्यापासून आपल्याच." त्यांनी थीडाबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. वर्तमानपत्रवाल्याच्या कॅमेऱ्याचा दिवा चमकला. थीडाबाईंना शिसारी आली. मत कोणाला दिलं ते सांगून त्यांच्या आनंदावर पाणी ओतावं असं फार वाटलं, पण त्यांनी फक्त हात सोडवून घेतला.

लोरेन खुंटीवरचा कोट काढत होती. डोळे लाल होते.

"बाई, एक मिनिट गप्प बसला असतात," ती म्हणाली. "एकच मिनिट."

"हो."

"त्यांच्यासाठी केलंत? एवढं तरी सांगा. मत त्यांना दिलं होतं?"

एकोणीसशे एकवीससाली थीडाबाईंच्या आईनं पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा नऊ वर्षांच्या थीडाला बोट धरून नेलं होतं. वडील मरेपर्यंत विचारत राहिले, कोणाला दिलंस गं? आईचं उत्तर कधी बदललं नाही. थीडाबाईंनीही एकतीस वर्षं प्रत्येक नव्या मतदाराला तेच सांगितलं होतं. आता एक शब्द बोलल्या असत्या तर ही पोरगी त्यांच्या गळ्यात पडली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"ते माझं आणि पेटीचं, लोरेन."

लोरेननं मान डोलावली, पण पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही. दारातून गार वारा आला आणि दार बंद झालं.

घरी येऊन थीडाबाईंनी कोटही न काढता पुस्तकाची वही उघडली आणि नवं पान लिहिलं. फेरमोजणी, नऊ नंबरचा वॉर्ड, चूक कोणाची तेही नावासकट. मग आकडे: ग्रेबनर, ६११८. डॉम्बेक, ६११७. शेवटच्या आकड्यावर पेन बराच वेळ थांबलं. पिशवीतला हात आणखी थोडा खोल गेला असता तर कदाचित नेमकं त्यांचंच मत निघालं असतं. ते निघालं नव्हतं. त्या ६११७ मतांतलं एक त्यांचं होतं, आणि ते मोजलं गेलं होतं.