आतल्या खोलीतली रेंज

"आतल्या खोलीत अगदी खिडकीपर्यंत फुल रेंज पाहिजे. मधेच तुटायला नको," नंदकिशोर दिवेकर म्हणाले. आवाज मऊ होता, पण संघमित्राच्या हातांवरची नजर हलत नव्हती. "तिथेच जास्त गरज आहे."

"आत कोणाचं काम चालतं, सर?"

"नीला असते. माझी मिसेस. काम कसलं, असते आपली."

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

संघमित्रा साळवे अकरा वर्षं घरोघरी वायफाय बसवायचं हेच काम करत होती. सकाळी साकीनाक्याच्या खोलीतून निघायचं, खांद्याला बॅग, दिवसाला पाच-सहा घरं. त्याआधी दोन वर्षं कॉल सेंटरच्या खुर्चीत बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर तिने स्वतःच ऑफिसात शिडी मागून घेतली होती. 'बाई पाठवलीय?' हे वाक्य आता तिला ऐकूही येत नसे. तिथले शिवदास सर नव्या माणसांना बजावत, "रेंज द्यायची, घर नाही बघायचं." ते तिने पाळलं होतं. लोकांची भांडणं, रडून सुजलेले डोळे, सगळ्याच्या शेजारून तिने मुकाट वायरी ओढल्या होत्या.

पार्ल्यातली ही इमारत जुनी, भिंती जाड. हॉलमधल्या राउटरची रेंज पॅसेजमध्येच मरायची. तिने तो राउटर तसाच ठेवून त्याचं वायफाय बंद केलं आणि रेंज खोल्याखोल्यांत पोचवणाऱ्या मेशचा पहिला डबा वायरने त्याला जोडला. दुसरा डबा पॅसेजमध्ये, तिसरा आतल्या खोलीत. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, म्हणजे घरातली सगळी उपकरणं आपणहून नव्यावर येतात.

तशी ती आली. आतल्या खोलीत उभं राहून तिने मोबाइलवरची यादी पाहिली. दोन फोन, टीव्ही, तीन कॅमेरे. दाराबाहेरचा एक तिने येतानाच पाहिला होता, दुसरा हॉलमध्ये होता. तिसरा मात्र तिसऱ्या डब्यावरून चालत होता. रेंज अगदी फुल. म्हणजे तो याच खोलीत, हाताच्या अंतरावर होता.

भिंतींवर काही नव्हतं. पलंग, कपाट, शिलाई मशीन. खिडकीजवळच्या प्लगला मोबाइलचा काळा चार्जर होता. त्याला वायर नव्हती. मधोमध मोहरीएवढं भोक होतं, आत काच.

 तेवढ्यात नीला आत आली.

"ह्यांनी पाठवलं, माझ्या फोनवर लागतंय का बघायला." मग आवाज खाली आणून, "ताई, ह्या डब्यातून आपलं बोलणं कुणाला ऐकू जातं का हो?"

"का?"

"मी इथे बसून आईशी फोनवर बोलते. संध्याकाळी ह्यांना सगळं माहीत असतं, शब्दन् शब्द. मला वाटायचं, मीच झोपेत बडबडते." ती हसायला गेली.

"डब्यातून काही ऐकू जात नाही हो," संघमित्रा मुद्दाम मोठ्याने म्हणाली. ते खरंही होतं. ती चार्जरकडे पाठ करून उभी राहिली, नीलाला समोर घेतलं, तिचा फोन मागून घेतला. "हा बघा स्पीड."

फोनवर संघमित्राने टाइप केलं होतं: माझ्या मागचा चार्जर म्हणजे कॅमेरा आहे. बोलू नका. बघू नका. खाली महिला हेल्पलाइनचा नंबर.

नीलाने वाचलं. पुन्हा वाचलं. 

"काय गं, येतोय का स्पीड?" बाहेरून हाक आली.

"हो," नीला म्हणाली. "चांगला येतोय."

आवाज जराही हलला नाही. असा आवाज काढायला ही बाई एका दिवसात शिकलेली नाही, हे संघमित्राला कळलं. नीलाने अंगठ्याने अक्षरं पुसून टाकली.

नवव्या दिवशी शिवदास सरांचा फोन आला. "पार्ल्याचे दिवेकर. तिसरा डबा बंद आहे म्हणे. आणि तूच पाहिजेस त्यांना, नाव घेऊन सांगितलंय. काही झालंय का गं तिथे?"

"नाही सर."

"मग जाऊन ये."

दिवेकरांनी तिला आत घेतलं, दार लावलं आणि कडी घातली. घरात टीव्ही नाही, पंखा नाही, कसलाच आवाज नव्हता. आतल्या खोलीतलं कपाट उघडं होतं; हँगर नुसते लटकत होते. डबा जमिनीवर पडला होता. खिडकीजवळचा प्लग रिकामा होता.

"मॅडम नाहीत?"

"आईकडे गेलीय." ते दार अडवून उभे राहिले. "त्या दिवशी तुम्ही इथे पाठ करून उभ्या होतात. अडतीस सेकंद. काय दाखवलंत तिला?"

संघमित्राने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"कोणाकडे पाठ करून, सर?"

दिवेकरांची नजर रिकाम्या प्लगकडे गेली. 

"तुम्ही तर हॉलमध्ये होतात," ती म्हणाली. ग्राहकाला पासवर्ड विचारावा तसा तिचा सूर होता. "सेकंद कुठून मोजलेत?"

 मग ते पलंगाच्या कडेला बसले. "काळजीपोटी लावला होता हो मी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तो घेऊन ती पोलिसांत गेली. उद्या बोलावलंय मला."

म्हणजे नीला पोचली.  संघमित्राने डबा उचलला, पुसला, प्लगला लावला. दिवा लुकलुकून स्थिर झाला.

"रेंज आली, सर. तक्रार बंद करायला ओटीपी लागेल."

त्यांनी आकडे वाचले. चौथा आकडा चुकला, परत वाचावा लागला. मग ते एकदम उठले. "पाणी घेता?"

उत्तराची वाट न पाहता ते स्वयंपाकघरात गेले. कपाटाचं एक दार उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. पेले कुठे ठेवलेले असतात, ते त्यांना सापडत नव्हतं.

संघमित्राने बॅगेची चेन लावली, दाराची कडी स्वतःच काढली आणि बाहेर येऊन सावकाश चपला घातल्या. आत अजून दारं उघडत-मिटत होती.