चिटणीसांनी बसून दाखवलं

फोटो पहिला.

खुर्चीत पेंटर. इस्त्रीचा शर्ट, घोटून दाढी, नीट भांग. मागे त्याची बायको, हातात शेजारणीकडून मागून आणलेली फुलदाणी. फोटो काढणार म्हटल्यावर माणसं जे करतात ते दोघांनी केलं होतं. तिथेच चुकलं.

मदत मंडळाने तो फोटो परत पाठवला. अध्यक्षांचा शेरा होता : कुटुंब गरजू वाटत नाही.

(मंडळाच्या दारावरची पाटी पेंटरनेच रंगवली होती, फुकट. अकरा सभासद रोज तिच्याखालून जातात. पेंटरला तोवर त्यांच्यापैकी एकानेही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. पाटी मात्र सुबक आहे, असं सगळे म्हणतात.)

पेंटरची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. एक द्यायला सख्खी बहीण तयार होती. शुक्रवारपर्यंत ऑपरेशनचे पैसे भरले नाहीत, तर तारीख दुसऱ्या रोग्याला जाणार होती. मंडळाची बैठक गुरुवारी. म्हणून मंगळवारी मी पुन्हा कॅमेरा घेऊन त्यांच्या दोन खोल्यांत हजर. सोबत मंडळाचे चिटणीस, देखरेखीला.

फोटो दुसरा.

शर्ट काढून बनियन. चिटणीस म्हणाले, बनियन फार पांढरं आहे. वहिनी म्हणाल्या, धुते मी.

तिसरा हलला. पेंटरला हसू आवरलं नाही.

चौथा, पाचवा.

आता पलंगावर. चिटणीसांनी स्वतः फुलदाणी उचलून मोरीत ठेवली, भिंतीवरचं मुलीचं बक्षीसपत्र उतरवलं, पडदा अर्धा ओढला. गरिबी मांडायला त्यांचा हात चांगला बसलेला दिसला. पण चेहऱ्याचं काय करणार? आजाराने पेंटरच्या तोंडावर सूज होती. गाल टरारलेले, मरणाच्या दारातला माणूस सासुरवाडीहून जेवून आल्यासारखा दिसत होता. आजारालाही अक्कल नसते.

चिटणीस वैतागले. गाल आत ओढा म्हणाले. पेंटरने ओढले, मग त्याला खोकला आला.

"साहेब, मी आजारी आहे," पेंटर म्हणाला. "आजारी दिसायचं काम मला जमत नाही."

फोटो सहावा.

तेव्हा चिटणीसांनी बसून दाखवलं.

पेंटरला उठवलं. स्वतः पलंगावर बसले, त्याची कानटोपी घातली, चादर खांद्यावर ओढली, चष्मा काढला. तेवढ्याने भागेना, म्हणून पाठ फिरवून दातांची कवळी काढली आणि रुमालात गुंडाळली. वळले तेव्हा गाल टाळ्याला लागले होते. मला बोटाने खूण केली : असं. मी बटण दाबलं. मला दाबायचेच पैसे मिळतात.

त्यानंतरचे दोन पेंटरचे. ते मोजण्यात अर्थ नाही.

बुधवारी वहिनी माझ्या फोटोच्या दुकानात आल्या. फोटो पसरून बघितले आणि सहाव्यावर बोट ठेवलं.

"हा पाठवा."

"वहिनी, हे चिटणीस आहेत."

"मला दिसतंय. त्यांना आजारी माणूस हवाय ना? आमच्याकडचा त्यांना पसंत पडत नाही. हा पडेल."

मी म्हणालो, अंगाशी येईल. त्या म्हणाल्या, आता अंगाशी यायचं काय राहिलंय.

गुरुवार.

पाकीट मी थेट अध्यक्षांच्या हातात दिलं आणि दाराशी उभा राहिलो. फोटो टेबलाभोवती फिरला. या मंडळींनी वीस वर्षं चिटणीसांच्या मांडीला मांडी लावून चहा ढोसला होता. एकाने चुकचुक केली. दुसरा म्हणाला, चेहऱ्यावरच लिहिलंय, काही खरं नाही. अध्यक्षांनी डोळे पुसले.

"अशी अवकळा आलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही," ते म्हणाले आणि फोटो शेजारी दिला. शेजारी चिटणीस होते.

चिटणीसांनी बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तोंड उघडलं तर कवळीपासून सगळं सांगावं लागणार होतं. त्यांनी ते उघडलं नाही. मदत एकमताने मंजूर झाली.

फोटो वार्षिक अहवालात पानभर छापा, असं अध्यक्ष म्हणाले.

"लहान छापू," चिटणीस म्हणाले. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

पैसे शुक्रवारी सकाळी भरले गेले. ऑपरेशन झालं. वहिनी आठवडाभर इस्पितळाच्या बाकावर झोपल्या, एक रात्र नवऱ्याजवळ, एक रात्र नणंदेजवळ. त्याचा फोटो कोणी मागितला नाही.

फोटो नववा. काढलेला नाही.

चार महिन्यांनी मंडळाने मला परत धाडलं. नव्या अहवालात जुन्या फोटोशेजारी 'मदतीनंतर' असा फोटो हवा होता. पेंटर खिडकीशी बसून एका दुकानाची पाटी रंगवत होता, ऑपरेशननंतरची पहिली. सूज पार उतरलेली. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर, डोळे खोल. आता तो हुबेहूब मंडळाला हवा होता तसा दिसत होता.

मी कॅमेरा हातात धरून उभा. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"याचा नको," त्या म्हणाल्या. "चिटणीसांचाच काढा. दात लावून."

पेंटर हसला, पण ब्रश हलू दिला नाही.