गिरणी आली की चोक आत

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यातली. खटकचिंचोळीच्या मृत्युंजयअप्पांची निळी मोटार मात्र भूकंपाच्या सालची. त्या साली पाडव्याला अप्पांनी ती हैदराबादहून स्वतः चालवत आणली, आणि पुढं किल्लारी हलली तेव्हा हीच मोटार जखमी माणसं घेऊन दवाखान्यांच्या वाटेवर धावली. त्यामुळं तिचं वय गावात कुणी कुणाला विचारत नसे. आता तिची नोंदणी पुन्हा करून घ्यायची वेळ आली होती, आणि बीदरला धुराच्या तपासणीत ती एकसारखी नापास होत होती.

धुराचा दाखला नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर मोटार भंगारात. थोरला प्रशांतकुमार हे जेवताना रोज सांगे. त्याच्या आईला, उमादेवीला, लोखंडाचं दुःख नव्हतं. अप्पांनी दुकान पोराच्या हाती दिलं होतं, शेत वाट्यानं दिलं होतं. राहिली होती ती मोटार. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, बोटांना उरलेली विभूती स्टिअरिंगला पुसायची आणि निघायचं, भालकीला म्हणा, बसवकल्याणला म्हणा. तेवढं थांबलं तर हा माणूस उंबऱ्याच्या आत वाळून जाईल, असं तिला वाटे.

नागेश हा गावातला मेकॅनिक. त्यानं कार्बुरेटर खोलून धुतला, फिल्टर बदलला, प्लग बदलले.

"प्लग काळे ठिक्कर पडायलेत अप्पा. पेट्रोल लई पिती ही."

"तीस वर्षं पळाली, तहान लागत नसंल व्हय रे तिला?" अप्पा म्हणत.

नागेश स्वतः बसून मोटार सुरू करी, सायलेन्सरला आपला रुमाल धरी. रुमाल स्वच्छ. मग अप्पा तीच मोटार बीदरला नेत, आणि तिथला माणूस नळी घालून म्हणे, "अप्पा, तीनाच्या आत पाहिजे. इथं सहाच्या वर गेलंय."

"घरी पास, परीक्षेत नापास," प्रशांतकुमार आपल्या पोराकडं बघत म्हणाला. "आपल्या बंटीची बहीण शोभती."

पुढच्या खेपेला उमादेवी म्हणाली, "मी बी येते."

"तू कामून? तिथं काय लगीन हाय?"

"असू द्या. वारं खाऊन येते."

नागेश मागं बसला, म्हणून ती पुढं बसली. पुढं बसून तिला कैक वर्षं झाली होती. नातवंडं झाल्यापासून तिची जागा मागं, एक मांडीवर, एक बगलेत. पण मोटार नवी होती तेव्हा पुढची जागा तिची असे, आणि तिला एक कामही असे. त्या मोटारीला चोकचं काळं बटण होतं. थंड इंजिन सुरू करताना ते बाहेर ओढायचं, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापलं की आत ढकलायचं. अप्पा किल्ली फिरवत आणि म्हणत, "वढ." गावाबाहेरची डाळगिरणी आली की म्हणत, "ढकल." त्यांनी सांगितल्याशिवाय तिनं कधी ढकललं नाही. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती तेव्हा, घर माणसांनी गच्च भरलेलं, दोघांना बोलायला कोपरा नव्हता. हेच काय ते दोघांचं म्हणून होतं.

"वढ," अप्पा म्हणाले. तिला हसूच आलं. तिनं बटण ओढलं.

गिरणी आली. अप्पा कुणाच्या तरी तुरीबद्दल बोलत होते. गिरणी गेली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते बोलतच होते. बोलण्याच्या नादात राहिलं असेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. पुढचं गाव मागं पडलं तेव्हा तिनं हळूच बटण आत ढकललं. त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बीदरला मोटारींची रांग होती. अप्पांनी इंजिन बंद केलं. ऊन असं की बॉनेटवर भाकरी भाजावी. वरून विमान घरघरत गेलं. पाळी आली तशी अप्पांनी किल्ली फिरवली, आणि आपल्याच हातानं चोक बाहेर ओढला.

"अहो, आता कामून? इंजिन तापलंय की."

"कुठलं तापलंय? आत्ताच तर घरून निघालोय. गिरणी बी आली न्हाई अजून."

तिला वाटलं चेष्टा करताहेत. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा नव्हती. तिनं बटण आत ढकललं. त्यांनी ते पुन्हा ओढलं, आणि तिला पहिल्यांदा शिकवताना जसे बोलले होते तसेच, न रागावता बोलले, "अगं, थंड इंजिनाला घाई करू न्हाई."

तिचा हात मांडीवर परत आला.

"सहा पॉइंट आठ," नळीवाला म्हणाला. "अप्पा, हिला आता सोडा."

मग अप्पांनी मोटार बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरण्याआधी, सवयीनं, सगळं जागच्या जागी नेलं: गिअर, काच, चोक. नागेशला रोज स्वच्छ मोटार का मिळे ते उमादेवीला तेव्हा कळलं. अप्पा पाणी प्यायला गेले.

नागेश खिडकीशी आला. मागून त्यानंही पाहिलं होतं. "अक्का, चोक."

"दिसलं मला."

"मी बसतो सीटवर. लगेच पास होती."

"झाली पास. मंग उद्या सकाळी विभूती लावून हे एकटे निघतील. कुठं निघतील रे? गिरणी आली का गेली ते कळंना त्यांना."

नागेशनं अप्पा गेले त्या बाजूला पाहिलं. "मंग अप्पांना काय सांगू?"

तिनं पदर तोंडावर धरला. पास करावी तर माणूस हरवतो, न करावी तर माणूस खचतो. तिसरं काही तिला सुचेना. "मोटारीचाच दोष हाय म्हणून सांग," ती म्हणाली. "तो तिच्यावरच राहू दे."

अप्पा परत आले. नागेश म्हणाला, "न्हाई जमत अप्पा. इंजिन गेलं."

"इंजिन न्हाई गेलं. तुला काम येत न्हाई," अप्पा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "तीस वर्षं जपली मी. तू महिन्यात घालवलीस." नागेशनं मान खाली घातली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. परतीची मोटार त्यानंच चालवली. गिरणी आली तेव्हा अप्पा झोपले होते.

नोंदणी संपली. प्रशांतकुमारनं नवी गाडी घेतली, पण जुनी भंगारात घालायचं पुन्हा बोलला नाही. ती परसात लिंबाखाली उभी राहिली. नागेशला अप्पांनी जन्मभर माफ केलं नाही. गावातल्या आणखी दोघा-तिघांनीही त्याच्याकडं गाड्या लावणं बंद केलं. तो आता बसवकल्याणला दुसऱ्याच्या गॅरेजात आहे, आणि खरं काय ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. अप्पा आधी दुकानाची वाट विसरले, मग पोराचं नाव. लिंबाखालच्या मोटारीत बसून "वढ" म्हणायचं तेवढं विसरले नाहीत. उमादेवी शेजारी बसून ओढायची आणि त्यांच्या "ढकल"ची वाट पाहायची. ते काही आलं नाही. दोन हजार पंचवीसच्या श्रावणात अप्पा गेले, लिंगैक्य झाले.

उमादेवी आहे. पोराच्या नव्या गाडीतून बीदरला जाते, पुढंच बसते. गिरणी आली की तिचा हात मांडीवरून उठतो. त्या गाडीला चोक नाही.