केसाळ्याची हाक

मित्रांनो, माझ्या पोटातलं भोक पाहून घाबरू नका. आता त्यातून फक्त कोळ्यांची ये-जा चालते. मी एक जुना तांब्याचा भोंगा, लाकडाच्या वखारीत खिळ्याला टांगलेला. एके काळी मी वाजलो की डोंगरावरची अस्वलं पोराबाळांसह पलीकडच्या खोऱ्यात राहायला जात.

मी मार खातच जन्मलो. तांबटाने मला तापवलं, बडवलं, पुन्हा तापवलं, पुन्हा बडवलं. सासऱ्यावरचा सगळा राग त्याने माझ्यावर काढला. मला घडवून घेतलं होतं वखारवाल्याने. हा गृहस्थ केसाळ्याच्या शोधात अर्धा म्हातारा झाला होता. केसाळ्या म्हणजे रानात राहणारा, दोन पायांवर चालणारा, अंगभर केसांचा राक्षसी प्राणी. त्याला कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्याविषयी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

शोधाची रीत अशी. धुक्यात रानात शिरायचं, मला जीव खाऊन फुंकायचं आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून ऐकायचं. उत्तर आलं, तर आवाजाच्या रोखाने चालू लागायचं. वर्षानुवर्षं उत्तर आलं नाही. तरी घरी परतल्यावर वखारवाला मऊ फडक्याने माझं तोंड पुसायचा. एवढे लाड माझे कधी झाले नाहीत, असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

ट्रक चालवणारा त्याचा धाकटा भाऊ या शोधात कायम सोबत असे. एकदा चिखलात भलंमोठं पाऊल सापडलं. त्याचा प्लास्टरचा ठसा घेतला आणि तिथेच घर फुटलं. थोरला म्हणे बोटं चार, धाकटा म्हणे पाच. धाकट्याने थोरल्याचा दात पाडला, थोरल्याने तोच ठसा धाकट्याच्या डोक्यात घातला. ठशाचा चुरा झाला, त्यामुळे बोटं मोजायचीही सोय उरली नाही. धाकट्याने पाच-बोटवाल्यांचं वेगळं मंडळ काढलं आणि त्याच तांबटाकडून आपला भोंगा करून घेतला. तांबटाला एकच घडण येत होती. मला जुळा भाऊ झाल्याचं मात्र कुणी कळवलं नाही.

पुढच्या थंडीत थोरल्याने धुक्यात मला फुंकलं, आणि खिंडीपलीकडून उत्तर आलं. हुबेहूब माझ्या आवाजात. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा उत्तर आलं, आणखी जवळून. मी तो आवाज ओळखला होता, मित्रांनो. पण भोंग्याला स्वतःचा श्वास नसतो. जो फुंकतो त्याचंच बोलावं लागतं.

धुक्यातून केसाळ आकृत्या धावत आल्या. गारठ्यामुळे दोन्ही मंडळांनी मेंढ्यांची कातडी पांघरली होती, पण त्या घटकेला ते कुणाला आठवणार. बंदुका उडाल्या, कुऱ्हाडी फिरल्या, नाकं फुटली, कुणाचा कान कुणाच्या दाताखाली आला. थोरल्याची गोळी समोरच्या धुडाच्या मांडीत घुसली. उलट आलेली गोळी माझ्या पोटातून आरपार गेली. धूड कोसळलं, आणि त्याच्या हातातला माझा जुळा थोरल्याच्या बुटाखाली चपटा झाला. थोरला मला दोन्ही हातांनी उगारून त्या केसाळ डोक्यावर हाणत सुटला. रक्त उडालं. मी वाकलो.

"दादा, पुरे ना आता," केसाळ्या म्हणाला.

थोरल्याचा हात हवेतच राहिला. मग मला भिरकावून तो गुडघ्यांवर बसला आणि आपला सदरा फाडून भावाची मांडी आवळू लागला. रक्त थांबेना.

"बोलत राहा रे. काहीही बोल."

"बोटं पाचच होती," धाकटा पुटपुटला.

"पाच. पाचच. बोलत राहा."

तेवढ्यात वरच्या कड्यावरून हाक आली. लांबलचक, घोगरी. माझा जुळा चपटा पडलेला, मी फुटलेला, आणि तिसरा भोंगा तांबटाने घडवलाच नव्हता. दोन्ही मंडळांनी आ वासला. कुणीतरी थोरल्याचा खांदा हलवला. ज्या हाकेसाठी त्याने जन्म घालवला, ती आली होती. आपण ऐकलं, एवढंच तो म्हणाला. मान वर केली नाही; गाठ आवळत राहिला.

धाकटा वाचला. लंगडतो, पण त्याच वखारीत बसतो. मला पुन्हा कुणी रानात नेलं नाही.

तर मित्रांनो, तुम्ही तुमचा भोंगा खुशाल फुंका. पण धुक्यातून उत्तर आलं, तर हातातलं काही उगारण्याआधी कोण आहे म्हणून विचारा. माणूस असला, तर नातं सांगेल. आणि नसला, तर पळायला तेवढाच वेळ मिळेल.