निरोगी माणूस

"डोळे मिटा, काका. कशाचा वास येतो?"

मंजुषाने छोटी बाटली नाकाखाली धरली. चंद्रभानने जोरात श्वास ओढला.

"रिकामी हाय काय वो मॅडम?"

त्याने डोळे उघडून पाहिलं. तळाशी लवंगा होत्या. दुसरी बाटली झाली, तिसरी झाली. मंजुषाचं हसू मावळलं.

"जाऊ द्या ना बाई," शेजारी बसलेली बायको रुख्मिणी त्याची बाजू घेत म्हणाली, "मलेबी कुठी येते वास!"

मंजुषाने बाटल्यांची झाकणं लावली.

रुख्मिणीला कंपवात होता; हात थरथरायच्या कितीतरी आधी तिला वास येईनासा झाला होता. अमरावतीच्या विद्यापीठात मंजुषा मेंदूच्या आजारांवर संशोधन करत होती. तुलनेसाठी रुग्णासोबत त्याच वयाचा एक निरोगी माणूस लागायचा. चंद्रभान हौसेने तयार झाला. बडनेऱ्याला रेल्वेत त्याने उभा जन्म रूळ तपासत पायी काढला होता. आता रुख्मिणीची वेणी तोच घालायचा, घासही तोच भरवायचा.

"आता अंगठ्यावर बोट आपटा. भरभर."

डावा हात नीट चालला. उजव्याचं बोट सुरुवातीला उघडलं, मग कमी कमी उघडत गेलं आणि अडकलं. चंद्रभानने हे आधी पाहिलं होतं. रुख्मिणीचं दुखणं असंच सापडलं होतं. त्याने मान वळवली. ती त्याच्या हाताकडेच बघत होती.

"एवढ्यावरून काही ठरत नाही, काका," मंजुषा घाईघाईने म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांना दाखवू. येताना घरचं कुणीतरी सोबत आणा."

"घरची हेच हाय," चंद्रभान म्हणाला.

बाहेर बाकावर बसून त्याने अकोल्याला मुलीला फोन लावला. आईला माझ्याकडे आणा, म्हणून आचल कितीदा मागे लागली होती. 'मी हावो ना,' म्हणून दरवेळी त्यानेच तिला गप्प केलं होतं.

"आचल, तुह्याकडची मागची खोली रिकामी हाय काय वं?"

"हाय ना, बाबा. आईले आणून राहिले काय?"

रुख्मिणीने थरथरत्या हाताने त्याच्याकडून फोन घेतला.

"दोघाइले," ती म्हणाली.

"काहून? काय झालं, आई?"

"आल्यावर सांगतो," म्हणत तिने फोन ठेवला.

तो आधार द्यायला उठणार, तोच ती बाकाला धरून एकटीच उभी राहिली. वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि त्याचा तो हात तिने आपल्या काखेत घेतला.

दोघं हळूहळू फाटकाकडे निघाले.