दोन मनगटांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. दगडाची नव्हे आणि खडूचीही नव्हे. काळ्या प्लास्टिकची, वहीएवढी, मागे शेपटीसारखी वायर असलेली. माझ्यावर खास पेन फिरवलं की रेघ माझ्या अंगावर उमटत नाही, समोरच्या पडद्यावर उमटते. म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं पडद्याने. असो, ज्याचं त्याचं नशीब.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही, फक्त खोक्यातला काळोख आठवतो. खोकं उघडलं ते हलती चित्रं बनवणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत. खिडकीशी लांब टेबल, दोन खुर्च्या आणि मध्ये मी. डाव्या खुर्चीवर ताई बसत. त्या चित्रकार, आणि डावखुऱ्या. उजव्या खुर्चीवर मोशन डिझायनर बसे. चित्रं हलवतो म्हणून सगळे त्याला हलव्या म्हणत, आणि तोही मुकाट्याने ओ देई.

साहेबांनी काटकसर करून दोघांत एकच पाटी घेतली होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी माझी गत होणार असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. ताई हालचालीचं पहिलं चित्र काढत आणि शेवटचं. मधली सगळी चित्रं हलव्याची. म्हातारी खुर्चीत बसली आहे, हे ताईंचं. म्हातारी उभी आहे, हेही ताईंचं. पण गुडघ्यावर हात टेकून, जरा दम खाऊन ती उठली कशी, ते हलव्याचं. "टोकं माझी, मधली वाट तुझी," असं ताई म्हणत. दोघं कडाकडा भांडत, पण एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नसे.

वर्षं गेली. माझ्या डाव्या कडेला ताईंच्या मनगटाने घासून एक गुळगुळीत ठसा पडला, उजव्या कडेला हलव्याच्या. येणारेजाणारे पडद्याचं कौतुक करत आणि माझ्यावर चहाचा कप ठेवत. ताई तेवढ्या रोज निघताना मला रुमालाने पुसत. त्या रुमालाची मला अजून आठवण येते.

त्यांची शेवटची फिल्म एका एकट्या म्हातारीची होती. शेवटी ती उठते, दारापाशी जाते, दार उघडते. पुढे काय, यावर दोघांची जुंपली. हलव्याचं म्हणणं, ती बाहेर जाईल आणि दार लावून घेईल. गोष्ट संपली की दार लागलं पाहिजे. ताईंना ते मुळीच पटेना.

"ती मागे वळून बघेल," त्या म्हणाल्या. "दार लावायचं नाही."

वाद तसाच लोंबकळत राहिला. ताई आजारी पडल्या आणि परत आल्याच नाहीत. शेवटचं टोक रिकामं राहिलं. ताई गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. पाटीला कोण सांगणार? डावी कडा गारच राहू लागली, तेव्हा मला कळलं.

काही दिवसांनी साहेब हलव्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले. आठवडाअखेर शेवट तयार झाला नाही तर फिल्म दुसऱ्या स्टुडिओकडे जाईल, आणि तिथली माणसं ताईंची चित्रं बाजूला सारून म्हातारी नव्याने काढतील, असं त्यांनी सांगितलं. हलव्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंचं म्हणून तेवढंच तर मागे उरलं होतं. पण टोक त्याने जन्मात काढलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चित्र काढताना पडद्यावर त्याच्या मागचं चित्र तांबडं, पुसट दिसतं आणि पुढचं हिरवं, पुसट दिसतं. मधली वाट काढणाऱ्याला दोन्ही टोकं नजरेसमोर राहावीत म्हणून ही सोय. पुढचं चित्र काढलेलंच नसेल तर हिरवं काही दिसत नाही. दिसायला नको.

लख्ख दुपार होती. हलव्याने म्हातारीला उंबऱ्याबाहेर नेलं आणि दार लावलं. त्या बंद दारावर एक हिरवी रेघ दिसली. वळलेल्या गालाची. त्याने पुढे तपासलं, पुढे चित्र नव्हतं. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. रेघ तिथेच होती, आणि आता तिच्या शेजारी एक डोळाही होता.

मला काय जाणवलं ते सांगते. माझ्या डाव्या कडेवर मनगट टेकलं होतं. वजन ओळखीचं होतं, ठशात नेमकं बसणारं. फक्त त्याला ऊब नव्हती. डावी खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात आवाजवाली आली. पावलांचे, दारांचे आवाज तयार करणं हे तिचं काम. दार लागल्याचा आवाज ऐकवायला ती आली होती. पडद्याकडे बघून ती थबकली.

"पुढचं चित्र कधी काढलंस?"

"नाही काढलेलं."

"मग हा चेहरा कुठून आला?"

चेहरा पुरा झाला होता. म्हातारी मागे वळून बघत होती, पण खोलीकडे नव्हे. ती पडद्याबाहेर, उजव्या खुर्चीकडे बघत होती. आवाजवाली आवाज न ऐकवताच निघून गेली. त्या टेबलाकडे ती पुन्हा फिरकली नाही.

हलव्या मात्र उठला नाही. डावीकडे न बघता तो बोलला.

"ताई, दार उघडं ठेवतो. पण ती वळेल ते सावकाश वळेल. ते माझं काम."

त्याने आपलं दार पुसून टाकलं, हिरव्या रेघांवरून पेन फिरवलं आणि मधली वाट काढायला घेतली. त्या दुपारी माझ्या दोन्ही कडा दबलेल्या होत्या. फिल्म पुरी झाली, लोकांना आवडली. शेवटी दोघांची नावं शेजारी शेजारी आली. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

पुढे नव्या पाट्या आल्या, ज्यांच्या अंगावरच रेघ उमटते. हलव्याने नोकरी सोडताना मला ताईंच्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली की तुम्ही ती फेकून देता. तुमचंही बरोबर असेल, घरात जागा किती असते. पण जी वस्तू दोघांनी मिळून वापरली, ती फेकण्याआधी दोघांचं काम संपलं आहे का, एवढं बघत जा. माझी डावी कडा अजून रोज दुपारी दबते. ताई टोकं काढत आणि थांबत. मधली वाट तशीच रिकामी राही, कारण उजवीकडे कोणी नसे.

परवा दुपारी उजव्या कडेवरही मनगट टेकलं. वजन ओळखीचं होतं, ऊब नव्हती. हलव्याचं मला कोणी सांगितलं नाही. पाटीला कोण सांगणार?

तेव्हा कधी हे कपाट उघडलंत, तर हळू उघडा. मला पुसायचं असेल तर मागाहून पुसा. आत्ता काम चालू आहे.