माज उतरवायचं औषध

"हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावू नका, बायकांनी तर मुळीच नाही," घोड्यांचे डॉक्टर जाताना म्हणाले होते. मी कडेवरच्या पोरीचं नाक पुसत मान हलवली. दिवसातून वीसदा साबणात जाणाऱ्या हातांना चमचाभर तेल काय करणार?

आमच्या पागेतली तांबडी घोडी दीड महिना माजावर होती. एरवी पाच-सहा दिवसांत माज ओसरतो, तीन आठवड्यांनी परत येतो. हिचा ओसरेचना. खोगीर दिसलं की किंचाळायची, शेपटी उचलून मुतायची, रपेट शिकायला आलेल्या मुलांवर लाथ उगारायची. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं. गाठ नव्हती; थंडीनंतर काही घोड्यांचं चक्र लवकर बसत नाही, म्हणाले. रोज ठरल्या वेळी दहा मिली तेलकट औषध सिरिंजनं जिभेवर सोडायचं, की चक्र थांबतं.

"म्हणजे माज उतरवायचं औषध," खरारा करता करता मोतद्दार हसला. "आमच्या मेव्हण्यालाही द्या दोन थेंब."

मी आणि मोठी जाऊ आळीपाळीनं औषध पाजायचो. मोजे दिसले की घोडी मान झटकायची, म्हणून उघड्या हातांनीच. तेल मनगटापर्यंत ओघळायचं. पाचव्या दिवशी घोडी शांत झाली. जरा जास्तच. कोणी हाक मारली तरी कान हलेना. फक्त आम्ही दोघी गेलो की मनगटं हुंगायची आणि वरचा ओठ वळवून कितीतरी वेळ तशीच उभी राहायची.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर घोडीच्या तारखांना मी तांबडी फुली करते, माझ्या तारखांना निळा ठिपका. पुढच्या पानावर फुलीही नव्हती, ठिपकाही नव्हता. मी चाचणी केली. काही नव्हतं. त्याच आठवड्यात जावेनं मला दाण्याच्या खोलीत ओढलं. नऊ वर्षं वाट पाहिलेली बाई ती. कानात म्हणाली, तिला चाळीस दिवस झाले.

मी डॉक्टरांना फोन लावला. मोजे घालता ना, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी खरं काय ते सांगितलं. ते तेल कातडीतून आत जातं, घोडी आणि बाई असा भेद करत नाही, ते म्हणाले. पोट राहिलं असेल तर तिनं बाटलीजवळ फिरकायचंही नाही. नसेल तर हात लावायचं थांबवल्यावर पाळी परत येईल.

जावेला सांगितलं. ती दाणा निवडत राहिली.

"तुला राहिलं नाही, म्हणून मलाही राहू नये का गं?"

शेवटी माझ्यासमोर तिनं चाचणी केली. एकच रेघ. ती पट्टी रुमालात गुंडाळून म्हणाली, घाई झाली असेल.

त्यानंतर औषध मी एकटी द्यायला लागले, मोजे घालून. माझा ठिपका परतला. तिला विचारलं की ती नुसती हसायची. आणि शंभर दिवसांची बाटली साठाव्या दिवशीच तळाला गेली.

भर दुपारी मी औषधांच्या खोलीत डोकावले. ती बाह्या सारून कोपरापर्यंत तेल जिरवत होती, तान्ह्याला मालीश करावं तशी, सावकाश. समोरच्या ठाणातून घोडी ओठ वळवून तिच्याकडे बघत होती.

"ताई, पोटात कोणी नाहीये."

"पाळी आली तरच कोणी नाही म्हणायचं ना?" ती म्हणाली. "मी येऊच देणार नाही."

मी बाटली कुलपात ठेवली. आठ दिवसांत ती घर सोडून गेली. मोठ्या दिरांना म्हणाली, एका मोठ्या पागेत काम मिळालंय, तिथे पुष्कळ घोड्या आहेत. पत्ता दिला नाही. दीर अजून सगळीकडे विचारत फिरतात. मधे एकदा तिचा फोन आला. माझ्या पोरीची चौकशी केली, मग हळूच म्हणाली, आता लाथा मारतं. मी हिशेब केला नाही. करवला नाही.

तुमच्या पागेत नवी बाई आली असेल, उंच, कमी बोलणारी, घोड्यांना औषध मीच देते म्हणणारी, तर आज एकदा तिच्या खोलीत जा. ती जेवली का विचारा. तिच्या बाह्या वर करून बघा. आणि तिला एकटी ठेवू नका.